दोरीच्या घरातून जाणारी वाट

दोरीच्या घराला दार कुठे आहे ते साचिकोने दाखवलं, आणि सगळ्यांनी तिथेच बूट काढले. काढा असं कुणी म्हटलं नव्हतं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. डोंगर सपाट करून उरलेली पिवळी माती होती, आणि तिच्यावर खुंट्या ठोकून ताणलेली पेंढ्याची दोरी. हे स्वयंपाकघर, ही बसायची खोली, ती कोपऱ्यातली बाबांची. तरी चौघांनी बूट ओळीने लावले, टोकं बाहेरच्या बाजूला, आणि मोज्यांनीच ओल्या मातीवर आत आले. साचिकोचे सासरे तोकुजीबाबा तर उंबरा असल्यासारखे पाय उचलून आले आणि वर म्हणाले, "जरा उंच झालाय."

ऑगस्टची पहिली सकाळ. समुद्रावरून थंड धुकं चढलं होतं आणि सहा वर्षांपूर्वी त्सुनामीच्या लाटेने खालचं गाव नेल्यावर डोंगरावर आखलेली त्सुबाकिहामाची सगळी नवी वसाहत त्यात बुडून गेली होती. एकोणतीस घरं व्हायची होती, पण दिसत होतं एकच, ओइकावांचं, चौदा नंबरचं. बाकीचे शेजारी नुसते ऐकू येत होते. कुणीतरी खोकत होतं. कुणीतरी अजून न बांधलेल्या न्हाणीघराच्या मापावरून बायकोशी वाद घालत होतं, आणि वाद ऐकून असं वाटे की न्हाणीघर वीस वर्षं वापरात आहे.

बारा वाजता नगरकचेरीचा माणूस येणार होता. तो दोरीच्या जागी लोखंडी खुंट्या ठोकणार, आणि मग त्या हलायच्या नाहीत. त्याआधी ओइकावांना एका गोष्टीचं हो की नाही सांगायचं होतं. ती गोष्ट जमिनीवर आखलेलीच होती. चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा, मध्ये सहा फूट अंतर, गावातल्या पायवाटेपासून निघून दोरीच्या घराच्या कडेने, साचिकोच्या नवऱ्याच्या, हिदेआकीच्या, व्हायच्या दुकानाच्या पोटातून, समुद्राकडच्या उतारावर जाऊन धुक्यात नाहीशा झालेल्या. आखल्या होत्या त्याच्या सख्ख्या बहिणीने, नात्सुएने.

साचिकोने दोरीच्या स्वयंपाकघरात चटई टाकली आणि जवाचा गार चहा ओतला. तिला आज कुणाची बाजू घ्यायची नव्हती. सत्तावीस वर्षं ती नवऱ्याची बाजू घेत आली होती, ते सोपं होतं, सवयीचं होतं. पण पाच वर्षं ती एक गोष्ट सांगायची टाळत आली होती, आणि आज ती टाळता येणार नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"ह्या रेघा तू पुसतेस की मी पुसू?" हिदेआकीने सुरुवात केली.

"दादा, ऐकून तर घे."

"सहा महिने ऐकतोय, नात्सुए. पोरांना शाळेत जाताना गाडीरस्ता ओलांडायला लागू नये, बरोबर. म्हाताऱ्यांना दुकानापर्यंत चढ नको, बरोबर. घरांच्या मधून पायवाटा, दोन चाकखुर्च्या शेजारून जातील एवढ्या रुंद, दर शंभर पावलांवर बसायला बाक. सभेत सगळ्यात आधी हात कुणी वर केला? मी. तुझी बाजू घेऊन त्या कुमागाईशी भांडलो, तो अजून माझ्याशी बोलत नाही. पण ही एक वाट कशाला? खाली राहतं कोण आता?"

"राहत कुणी नाही. पण बंदर आहे, शेवाळाच्या शेड आहेत. मोसमात रोज चाळीस माणसं खाली असतात. उद्या जमीन हलली तर ती वर येणार कशी?"

"गाडीने."

"कुठून?"

"पुलावरून," हिदेआकी म्हणाला. तो पूल लाटेने नेला होता, आईला नेलं त्याच दिवशी. त्याच्या जागी नवा, दुप्पट रुंद बांधला होता. पण ह्या घरात पुलाचं नाव सहसा कुणी काढत नसे.

मग साचिकोने भाताचे गोळे पुढे केले, प्रत्येकात एकेक खारवलेलं आंबट फळ घातलेले, आणि सगळ्यांनी खाल्ले.

नात्सुए सेंदाई शहरातून कालच्या बसने आली होती. गावं पायी चालण्याजोगी कशी करायची, हे तिचं काम. कागदावर तिचा विश्वास नसे. रस्ता खऱ्या मापात जमिनीवर चुन्याने आखायचा, मग त्यावरून माणसं चालवायची, ही तिची पद्धत. तिच्या पिशवीत वाळूच्या चार छोट्या थैल्या आणि गुडघ्यांना बांधायचे जाड पट्टे असत. चाळिशीतल्या साहेबांच्या घोट्यांना ती थैल्या बांधी, गुडघे आवळी आणि म्हणे, आता तुम्ही ऐंशी वर्षांचे आहात, चढा. एका साहेबाने तिसऱ्या पायरीवर बसकण मारली होती आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कठडा मंजूर केला होता. ही गोष्ट ती घरी नेहमी हसत सांगे. हे पट्टे तिला पहिल्यांदा सुचले ते आईचे गुडघे आठवून, हे मात्र तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"दुसरीकडून ने," हिदेआकी म्हणाला. "बारा नंबरमधून ने. वीसमधून ने."

"तिथे अकरा मीटरची सिमेंटची भिंत आहे. उतार सरळ फक्त आपल्या मागे आहे. आणि खाली आजोबांच्या पायऱ्या अजून आहेत, दादा. गवतात गेल्यात, पण जागच्या हलल्या नाहीत. मी मोजल्या. सत्त्याण्णव."

आजोबा म्हणजे तोकुजीचे वडील, योहेई. कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका लाटेत त्यांची दोन भावंडं गेली, आणि पुढचे तीन हिवाळे त्यांनी घरामागच्या कड्यात एकट्याने पायऱ्या खोदल्या. गावात लोक हसत. योहेईला वर देवाकडे जायची घाई झालीय, म्हणत.

"सोडतीची चिठ्ठी माझ्या हाताने निघाली," हिदेआकीचा आवाज चढला. "कोपऱ्याची जागा. आयुष्यात पहिल्यांदा काही चांगलं निघालं हातातून. इथे दुकान, इथे दोन गाड्या, पुढे पाटी. सुकी मासळी, वाकामे शेवाळ. पत्र्याच्या खोलीत सहा वर्षं झोपताना मी हेच बघत होतो, छतावर. आणि तू येतेस आणि चुन्याने त्याच्या पोटातून रस्ता काढतेस!"

नात्सुएला भावाची दया आली. चुना पुसून टाकावा असंही क्षणभर वाटलं.

तोकुजीबाबांचं ह्यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. ते कोयता घेऊन उठले होते. ऑगस्टच्या एक तारखेला प्रत्येक घरच्या माणसाने थडग्यांपासून घरापर्यंतचं गवत कापायचं, म्हणजे तेरा तारखेला पितर घरी येतील तेव्हा त्यांचे पाय अडकू नयेत, ही ह्या किनाऱ्याची रीत. धुक्यात सगळीकडून कोयत्यांचा आवाज येऊ लागला होता. बाबा मात्र दोरी ओलांडून उलट्या दिशेला निघाले, समुद्राकडे.

"बाबा, तिकडे कुठे? थडगी देवळामागे आहेत. इकडून," हिदेआकी म्हणाला.

"तुझी आई तिकडे नाही."

"नाव तिथे कोरलंय."

"नावाखाली एक कंगवा पुरलाय," बाबा म्हणाले. "कंगव्याला पाय नसतात. शिगे येईल ती खालून येईल. सहा वर्षं त्या पत्र्याच्या खोल्यांत ती आलीच नाही, मी रात्र रात्र बसून राहायचो. कशी येणार? तिला वाट कुठे होती?"

हिदेआकी हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "वाट होती की! बाबा, आईला वाट कमी पडली नाही. आईला अक्कल कमी पडली. सगळा गाव पुलाकडे पळाला आणि ती परत घरात शिरली, देव्हाऱ्यातल्या चार लाकडी पाट्या आणायला. मेलेल्यांच्या नावाच्या पाट्या! जिवंत माणसाने..."

"दादा, पुरे," नात्सुए म्हणाली.

"का पुरे? हे खोटं आहे का? बाबांनीच सांगितलं ना सगळ्यांना? परत फिरली असेल, पाट्या आणायला. तिच्या मूर्खपणासाठी मी माझं घर चिरून वाट देऊ?"

बाबा पाठमोरे उभे होते. कोयता खाली लोंबत होता. साचिकोने चहाची किटली खाली ठेवली, पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

धुक्यातले कोयते चालूच होते. तोकुजी हळूहळू वळले. सुनेकडे त्यांनी असं पाहिलं की जणू ती इतकी वर्षं भिंतीआड होती आणि भिंत आत्ता पडली.

"तुला कधीपासून...?"

"पाच वर्षं झाली. शेजारच्या कुमागाईबाईंनी सांगितलं. लाटेच्या दिवशी त्या वरून बघत होत्या."

"आणि रोज मला वाढत होतीस."

"मग काय उपाशी ठेवणार होते?" साचिको म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "अहो, तुम्ही बसा आधी. बसा म्हणते ना."

हिदेआकी बसला. तो बायकोच्या अशा आवाजाने कधी बसला नव्हता.

बाबांनी गळ्यातली दोरी वर ओढली. ती सगळ्यांनी रोज पाहिलेली होती. तिला देवळातला ताईत असेल, असं पोरं धरून चालली होती. तिच्या टोकाला किल्ली होती, गंजलेली, साधी कुलपाची.

"शेडची," ते म्हणाले.

कुठली शेड, हे कुणाला विचारावं लागलं नाही. वाकामे उकडायची शेड. लाटेच्या अकरा वर्षं आधी बाबांनी ती घरामागे बांधली होती, बरोबर योहेईंच्या पायऱ्यांच्या तोंडावर. जागा आयती सपाट होती. आता सगळ्यांकडे गाड्या आहेत, पायऱ्या चढतं कोण, असं ते म्हणाले होते. मागचं दार पायऱ्यांकडे उघडे, पुढचं घराकडे, आणि दोन्हीला कुलूप, कारण कढया नव्या होत्या.

"शिगे म्हणाली होती," बाबा सांगू लागले. "वडिलांची वाट अडवू नका म्हणाली. मी म्हटलं, किल्ली खिळ्याला टांगून ठेवतो. ठेवायचोही. त्या दिवशी कामात होतो, खिशात राहिली. मग जमीन हलली. जमीन हलली की होडी खोल पाण्यात न्यायची. काठावर फुटते. मला वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. मी धावलो. तिला ओरडून सांगितलं, मागून चढ! मागून चढ! हेच माझे शब्द." ते थांबले. "ती हो म्हणाली."

बाबांनी किल्ली मुठीत धरली.

"खूप बाहेर गेलो. लाट माझ्या होडीखालून गेली, हिदे. तुम्हाला वाटेल केवढी असेल. काही नाही. पाणी जरा वर झालं, आणि मग खाली. मला हायसं वाटलं. घाम पुसायला रुमाल काढला, तर हाताला किल्ली लागली."

"कुमागाईबाई म्हणाल्या," साचिकोने डोळे पुसत पुढचं उचललं, कारण म्हाताऱ्याला ते जमणार नव्हतं, "की आई दार हलवत होत्या. बराच वेळ. मग पुलाकडच्या रस्त्याला लागल्या. त्या गुडघ्यांनी. हातात काही नव्हतं, अहो. पाट्या नव्हत्या. त्या परत फिरल्याच नव्हत्या."

"मग पाट्यांचं...?"

"ते मी सांगितलं," तोकुजी म्हणाले. "लोक विचारत होते, शिगेबाई मागे कशा राहिल्या. तोंडातून गेलं. एकदा गेलं ते गेलंच. तिच्यावर ढकललं मी. जिवंत असती तर माझ्या डोक्यात पळी घातली असती तिने."

नात्सुएने तोंड ओंजळीत घेतलं. हिदेआकी मात्र रडला नाही. तो दोरीकडे बघत बसला. त्याच्या मनात सहा उन्हाळे एकामागून एक येऊन गेले. प्रत्येक उन्हाळ्यात त्याने आईच्या नावापुढे उदबत्ती लावली होती, हात जोडले होते, आणि मनातल्या मनात न चुकता तेच म्हटलं होतं, मूर्ख बाई. बापाचा राग यायला हवा होता. तो येईलही, रात्री, उद्या, पुढची दहा वर्षं. पण आत्ता त्याला फक्त आईसमोर लाज वाटत होती, शाळेतल्या पोराला वाटते तशी.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"सव्वानऊ," नात्सुए म्हणाली.

"तुझे ते पट्टे दे. आणि वाळू."

"दादा, आता कशाला..."

"आईचा कुठला गुडघा जास्त वाईट होता? डावा ना?"

"डावा."

"मग डाव्याला दोन थैल्या दे. आणि तुझं घड्याळही ठेव हाताशी. बाराला तो माणूस आला की काय सांगायचं ते मी चालून बघितल्यावर सांगेन. त्याआधी मला कुणी काही विचारू नका." तो दारापाशी गेला, बूट घातले, आणि बापासमोर हात पुढे केला. क्षणभर बाबांना वाटलं किल्ली मागतोय. पण त्याने कोयता घेतला.

पांढऱ्या रेघांच्या मधून तो खाली उतरत गेला. आधी पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग नुसता गवत कापल्याचा आवाज राहिला. तो आवाज खाली खाली जात राहिला, जवळजवळ दोन तास. मध्ये एकदा शिवी ऐकू आली, तेव्हा साचिको म्हणाली, "हं, काटे लागले." मग समुद्राचाच आवाज उरला.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना खालून हाक आली, "निघतोय!" नात्सुएने घड्याळ दाबलं.

नगरकचेरीचा माणूस वेळेआधीच आला होता. निवृत्तीला टेकलेला, भिडस्त गृहस्थ. दोरीच्या दारापाशी त्यानेही बूट काढले आणि साचिकोने दिलेला चहा दोन्ही हातांनी घेतला. "मग चौदा नंबरचं काय ठरलं?" त्याने हळूच विचारलं.

"येतायत," साचिको म्हणाली.

तोकुजीबाबा आपल्या खोलीत बसले होते. दोरीच्या आत, मातीवर, समुद्राकडे तोंड करून. खोली छान होती. ह्या बाजूला खिडकी होणार होती. धुकं इतकं दाट होतं की ती आत्ताही आहे असं समजायला काही हरकत नव्हती, आणि तिच्यापलीकडे जुनं गाव जसंच्या तसं असणार, शेड सोडून. त्यांना बाकी कुणी दिसेना. मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या दुकानाची समुद्राकडची दोरी वाटेच्या आडवी ताणलेली आहे. येणाऱ्याच्या पायात यायची. ते गुडघ्यांवर सरकत गेले आणि खुंटीची गाठ सोडू लागले. ओल्याने गाठ आवळली होती. नखं दुखली, पण सुटली. दोरी त्यांनी गुंडाळून मांडीवर घेतली.

खालून पाय ओढल्याचा आवाज येऊ लागला. एक पाय पडे, दुसरा मागून ओढला जाई. दोन पायऱ्या, थांबणं, धापा. दोन पायऱ्या, थांबणं. बाबांनी चाळीस वर्षं हा आवाज स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत आणि न्हाणीघरातून परत ऐकला होता.

नात्सुए ओठांतल्या ओठांत मिनिटं मोजत होती. पुलावरून ह्याच गुडघ्यांना तेवीस लागतात, हे तिने मागच्याच महिन्यात चालून पाहिलं होतं. सात. आठ. नऊ झाली नव्हती.

धुक्यात आधी काळसर ठिपका झाला. मग वाकलेले खांदे, डाव्या मांडीवर टेकलेला हात, कपाळाला बांधलेला रुमाल. गवताची पाती अंगाला चिकटलेली. पांढऱ्या रेघांच्या मधून ती आकृती वर आली, जिथे दोरी असायला हवी होती तिथे पाय चाचपत थांबली, आणि काही आडवं नाही हे बघून आत आली.

"आलीस?" तोकुजी म्हणाले.

साचिकोने नगरकचेरीच्या माणसाच्या बाहीला धरलं, तो काही बोलू नये म्हणून.

हिदेआकी धापा टाकत उभा होता. घाम डोळ्यांत जात होता. त्याने बापाच्या मांडीवरची दोरी पाहिली, आपल्या दुकानाची, आणि मग तो सावकाश, त्या अवघडलेल्या गुडघ्यांनी, त्यांच्या शेजारी बसला.

"हो," तो म्हणाला. "वाट उघडी होती."